कै. रमाबाई रानडे आणि परिचारिकांचें शिक्षण

वडूजवरून वाहणारी येरळा नदी खटाव तालुका ओलांडून दक्षिणेस उतरते व पुढें कृष्णेस मिळते. या दोन नद्यांच्या मधल्या मुलखांत, सागरेश्वराच्या डोंगरापाशीं, देवराष्ट्रें नांवाचें गांव आहे. आज तें सांगली जिल्ह्यांत मोडतें. पण १९४९ सालापूर्वीं तो सारा भाग सातारा जिल्ह्यांतच होता, म्हणजे वडूज व देवराष्ट्रें हीं एकाच जिल्ह्याचीं गांवें होतीं. यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १९१३ सालीं याच गांवीं झाला, हें पुष्कळांस ठाऊक असतें. त्यांच्या पूर्वीं पन्नास वर्षें, १८६२ सालीं, तेथल्या कुर्लेकर घराण्यांत एक मुलगी जन्मली होती; तिचें नांव यमुना. लग्नानंतर तिला रमाबाई हें नांव मिळालें व न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी म्हणून ती साऱ्या महाराष्ट्रास माहीत झाली.

आमच्या वाचकांनीं त्यांच्याविषयीं ऐकिलें आहे तें बहुधा एवढेंच. आम्ही मात्र आज त्यांचें चरित्र एका निराळ्या कारणासाठीं सांगत आहों. ज्या कामांत आपल्या मंडळ्यांतील मुली तीनचार पिढ्या शिरत आल्या, आणि ज्या कामाबद्दल त्यांनीं गांवाचे टोमणेहि पुष्कळ ऐकिले, त्या रुग्णसेवेच्या शिक्षणाकडे पांढरपेशा घरांतील स्त्रियांना वळविण्याचें काम या बाईंनीं केलें. त्यांत अडचण बुद्धीची नव्हती, पैशाचीहि नव्हती. अडचण होती ती स्पर्शाची. परक्या माणसाच्या अंगास हात लावावा कीं नाहीं, हा तो प्रश्न होता. आणि रमाबाईंच्या आयुष्यांत तो लहानपणापासून पुन्हां पुन्हां उभा राहिला.

त्या काळची स्थिति आधीं ध्यानांत घेतली पाहिजे. घरचें माणूस आजारी पडलें तर घरच्या बायका त्याचें सर्व करीत; त्यांत कमीपणा नव्हता. परंतु घराबाहेरच्या माणसाची अशी सेवा करणें हें हलक्यांचें काम समजत. बाळंतपण तर विटाळाचें. घरांतील सर्वांत अंधारी खोली बाळंतिणीला मिळे. बाळंतपण करावयास येणारी सुईण पुष्कळ गांवीं मांगवाड्यांतली किंवा महारवाड्यांतली असे. तिनें जीव वांचविला तरी ती अंगणाच्या पुढें यावयाची नाहीं. नाळ विळ्यानें किंवा हाताशीं असेल त्या पात्यानें कापावी, तीवर राख किंवा शेण लावावें, असा प्रघात होता. आणि आठवड्याच्या आंत मूल धनुर्वातानें आंखडून गेलें म्हणजे लोक त्याला बाहेरची बाधा म्हणत. त्या सुईणीचा यांत दोष काय? तिला शिकविलें कोणी? ज्यांना शिक्षण मिळत होतें त्यांना तें काम नको होतें, आणि ज्यांच्या गळ्यांत तें काम पडलें होतें त्यांना शिक्षणाचें दार बंद होतें. या एका गांठींत किती माता व किती बालकें गेलीं याची मोजदाद कोणी ठेविली नाहीं.

विलायतेंतहि फार निराळें नव्हतें. तेथील रुग्णालयांत सेवा करणारी बाई म्हणजे दुसरें कांहीं काम न मिळालेली बाई, असाच पूर्वीं समज होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या बाईंनीं क्रिमियाच्या लढाईंत, १८५४ पासून, जखमी शिपायांची व्यवस्था लाविली आणि १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत परिचारिकांची शाळा काढिली. त्या शाळेंतील मुलगी एक वर्ष वॉर्डांत राही व अनुभवी बाईच्या नजरेखालीं खऱ्या रोग्याच्या खाटेपाशीं काम करून शिके. याच नाइटिंगेल बाईंनीं हिंदुस्थानच्या आरोग्याविषयीं पुढें अनेक वर्षें लेखन केलें, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं त्यांचा पत्रव्यवहार होता. त्या सभेचे प्राण म्हणजे रानडे. तेव्हां रमाबाईंच्या घरीं या बाईंचें नांव अपरिचित नसावें.

आतां मूळ गोष्टीकडे वळूं. १८७३ सालीं, अकराव्या वर्षीं, यमुनेचें लग्न झालें. रानडे त्या वेळीं एकतीस वर्षांचे असून त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या गृहस्थानें स्वतः एखाद्या विधवेशीं लग्न करावें अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढें त्यांचें कांहीं चाललें नाहीं. लोकांनीं त्यांस याबद्दल पुष्कळ दोष दिला, व तो दोष आमच्या मतें वाजवी होता. परंतु घरांत आलेल्या मुलीवर त्यांनीं त्याचा राग काढिला नाहीं. तिला अक्षरओळखहि नव्हती. दिवसभराचें काम आटोपल्यावर ते स्वतः तिला शिकवावयास बसत.

घरांतील वडील स्त्रियांना हें मुळींच रुचलें नाहीं. शिकणाऱ्या सुनेशीं बोलणें टाकावें, तिला घालून पाडून बोलावें, असें वर्षानुवर्षें चाललें. पुढें इंग्रजी शिकविण्यासाठीं एक मडमबाई येऊं लागल्या, तेव्हां तर वाद अधिकच वाढला. कारण मडमेचा स्पर्श होतो, आणि स्पर्श झाला कीं विटाळ. रमाबाईंनीं मडमही सोडली नाहीं आणि सासरच्या मंडळींना उलट उत्तरहि केलें नाहीं. त्यांची रीति आयुष्यभर हीच राहिली. भांडून दार मोडावयाचें नाहीं, पण दारांतून हालावयाचेंहि नाहीं. उतावळ्या सुधारकांना ही रीति मंद वाटे. आम्हांस मात्र असें दिसतें कीं ज्या कामाची ही गोष्ट आहे तें दुसऱ्या रीतीनें त्या पिढींत झालेंच नसतें.

१८८२ सालीं पंडिता रमाबाई पुण्यास आल्या व त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. रानड्यांच्या रमाबाई त्या सभांस जात. त्याच सालीं हंटर कमिशनपुढें साक्ष देतांना पंडिता बाईंनीं या देशांत स्त्री-डॉक्टर किती अवश्य आहेत हें सांगितलें. परपुरुषापुढें अंग उघडें करण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या स्त्रिया तेव्हां घरोघर होत्या, त्यामुळें ही मागणी जिवामरणाची होती. १८८५ सालीं लेडी डफरिन यांच्या नांवाचा फंड निघाला, त्यांतून स्त्री-डॉक्टर, परिचारिका व सुइणी यांस शिक्षण मिळूं लागलें. पंडिता बाई ख्रिस्ती झाल्या, तेव्हां पुण्यांत केवढें वादळ उठलें हें आमचे वाचक जाणतात. त्या दोघींचे मार्ग पुढें निराळे झाले.

रमाबाईंनीं १८८४ च्या सुमारास मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठीं भरलेल्या सभेंत गव्हर्नरसाहेबांपुढें इंग्रजींत लेख वाचिला, आणि हुजूरपागेची शाळा त्याच सालीं निघाली. घरीं परतल्यावर त्यांस मिळालें तें कौतुक नव्हे. पुढें १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें रानडे व इतर प्रतिष्ठित मंडळी गेली असतां त्यांजपुढें चहा ठेवण्यांत आला. कोणी प्याले, कोणी पेल्यास नुसता हात लाविला. पण नांवें छापलीं गेलीं आणि शहरांत बहिष्काराचें प्रकरण माजलें. शेवटीं रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. रमाबाईंस तें आवडलें नाहीं. ख्रिस्ती माणसाच्या हातचा एक पेला चहा ज्या समाजास पचत नव्हता, त्या समाजांतील मुलींनीं वीस वर्षांनंतर कोणत्याहि जातीच्या रोग्याची शुश्रूषा करावयास जावें, ही उडी केवढी होती हें यावरून कळेल.

रानड्यांची दृष्टि अधू होती. वर्तमानपत्रें, पत्रें, पुस्तकें रमाबाई त्यांस वाचून दाखवीत. १८९३ सालीं ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले व बिऱ्हाड मुंबईस गेलें. तेथें १८९६ पासून प्लेगची सांथ. पुढल्या वर्षीं ती पुण्यांत व साताऱ्याकडेहि पोंचली. त्याच सांथींत, १८९७ च्या मार्चमध्यें, रोग्यांची सेवा करतांना सावित्रीबाई फुले यांनीं देह ठेविला. त्याहि सातारा जिल्ह्याच्याच, खंडाळ्याजवळच्या नायगांवच्या. या दोन बाईंचीं नांवें एकत्र घेण्याचा प्रघात नाहीं, आणि दोघींचे समाजहि फार दूर दूर होते. सावित्रीबाईंना कोणी शिकवावयास नव्हतें, शिकावयास वेळहि नव्हता. त्यांनीं रोग्यास उचलिलें आणि चालू लागल्या. रमाबाईंनीं जें केलें तें सावकाश, सुरक्षित आणि पुष्कळांच्या हातीं पोंचणारें होतें. एकीच्या मापानें दुसरीस मोजूं नये.

रानड्यांचें शेवटचें दुखणें हृदयाचें. रात्रीं झोंप येत नसे. रमाबाई त्यांच्या तळपायांस तूप चोळीत व ते अभंग म्हणत. १६ जानेवारी १९०१ रोजीं ते वारले. रमाबाई तेव्हां चाळिशीच्या आंतबाहेर, मूलबाळ नाहीं. पुण्यास येऊन त्यांनीं सुमारें वर्षभर घराबाहेर पाऊल टाकिलें नाहीं. पतीचीं धर्मपर व्याख्यानें छापून काढावीं एवढेंच काम त्यांनीं हातीं घेतलें होतें. तेथेंच त्यांचें आयुष्य संपलें असतें तरी कोणी त्यांस नांवें ठेविलीं नसतीं. विधवेकडून त्या काळीं अधिक कोणी मागतच नव्हतें.

नंतर त्या हळूहळू बाहेर पडूं लागल्या. येरवड्याच्या तुरुंगांतील स्त्री-कैद्यांकडे जावें, त्यांस कांहीं वाचून दाखवावें, त्यांचें ऐकून घ्यावें. रुग्णालयांत फळें व फुलें घेऊन जावें. असा क्रम सुरू झाला. रुग्णालयांत फळें वांटणारे लोक आजहि पुष्कळ आहेत, आणि त्यांत वाईट असें कांहीं नाहीं. पण फळें वांटून माणूस घरीं जातो. रात्रीं दोन वाजतां रोग्यास कूस कोण बदलवील, घाण झालेलें अंथरूण कोण काढील, हा प्रश्न तेथेंच राहतो. ससून रुग्णालय १८६७ सालीं उघडलें. तेव्हांपासून चाळीस वर्षें पुण्याच्या सुशिक्षित घरांनीं हा प्रश्न परक्यांवर सोडून दिला होता. युरोपियन व अँग्लोइंडियन बाया, आणि ख्रिस्ती मुली, यांच्याच हातून सरकारी व मिशनच्या रुग्णालयांत रोग्यांची सेवा होत असे.

मुंबईस बेहरामजी मलबारी व दयाराम गिदूमल यांनीं १९०८ सालीं सेवासदन काढिलें, व रमाबाईंस अध्यक्ष केलें. २ ऑक्टोबर १९०९ रोजीं पुण्याचें सेवासदन त्यांच्या स्वतःच्या वाड्यांत सुरू झालें. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्याचे चिटणीस व खरे राबणारे. देवधरांस योजना सुचावी, सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या त्यांनीं झिजवाव्या, आणि घराघरांतील दारें रमाबाईंनीं उघडावीं, अशी ती जोडी होती. प्रथम लिहिणें-वाचणें, शिवण, प्रथमोपचार, घरगुती शुश्रूषा असे वर्ग निघाले. येणाऱ्या बहुतेक बायका मोठ्या वयाच्या: बालविधवा, टाकलेल्या, किंवा नवऱ्याच्या संमतीनें दुपारचे दोन तास येणाऱ्या.

घरगुती शुश्रूषेच्या वर्गांत बाई पट्टी बांधावयास शिकते, पण ज्या हातावर ती बांधते तो शेजारणीचा धडधाकट हात असतो. त्याला वेदना नाहीं, पू नाहीं, वास नाहीं. म्हणून १९११ च्या सुमारास सेवासदनानें ससून रुग्णालयांत आपल्या बायका शिकाऊ नर्स म्हणून पाठविण्यास आरंभ केला. त्यांच्यासाठीं निराळें वसतिगृह ठेविलें. कांहीं जणींस पुढें तेथल्याच बैरामजी जिजीभाई वैद्यकीय शाळेंत सब-असिस्टंट सर्जनच्या शिक्षणासहि पाठविण्यांत आलें.

पुण्यांत गवगवा व्हावयाचा तो झालाच. चांगल्या घरची विधवा रात्रपाळी करते, परपुरुषाच्या तोंडांत औषध घालते, मेलेल्याचें अंग पुसते, कोणा जातीचा मळ उचलते. मग तिच्या हातचें पाणी कसें प्यावें? यापेक्षां स्वयंपाकीण होऊन राहिली असती तर काय बिघडलें असतें? अशा वेळीं मुलीच्या बापाची, भावाची, सासऱ्याची समजूत घालण्याचें काम रमाबाईंकडे येई. येथें त्यांची जुनी रीति कामास आली. त्या स्वतः जुन्या वळणानें राहत. डोक्यावरचा पदर ढळूं न देणारी रानड्यांची विधवा जेव्हां सांगते कीं मुलीस ससूनमध्यें धाडा, तेव्हां तिला बाटगी म्हणून वाटेस लावतां येत नव्हतें.

वॉर्डांत काय शिकवितात हें येथें थोडें विस्तारानें सांगतों, कारण आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या मुली त्या वाटेवर आहेत. शिकाऊ मुलीच्या हातीं प्रथम झाडू, फडकें व बादली येतात. स्वच्छता हें पहिलें औषध आहे हें तिला तोंडानें सांगण्यापेक्षां हातांकडून करवून घेतात. मग खाट. रोगी खाटेवर असतांनाच खालची चादर बदलावयाची, आणि त्यास धक्का लागूं द्यावयाचा नाहीं. तिला एका कुशीवर वळवून अर्धी चादर गुंडाळावी, नवी अर्धी पसरावी, मग दुसऱ्या कुशीवर घ्यावें. कागदावर हें दोन ओळींचें काम आहे. मांडी मोडलेल्या म्हातारीच्या खाटेवर तें पहिल्यांदा करणाऱ्या मुलीचे हात कांपतात, आणि जवळ उभी असलेली सिस्टर तिचे हात आपल्या हातांत धरून तें करून दाखविते. शिक्षण तें हेंच. तसेंच वेळोवेळीं कूस बदलून पाठ पाहावयाची. कातडी लाल दिसूं लागली तर तेथें पुढें जखम पडणार हें ओळखावयाचें. नाडी बोटांखालीं मोजावयाची, तापाची नळी लावून आंकडा लिहावयाचा, लघवीचें माप ठेवावयाचें, अशक्त रोग्यास ठसका न लागतां पाजावयाचें. मलमपट्टीच्या आधीं हात कसे धुवावे, धुतल्यावर कशास लावूं नयेत, हें तर शंभर वेळां चुकून मग अंगवळणी पडतें.

आणि मलमूत्राचें भांडें. बहुतेक मुली येथें अडतात. सराईत परिचारिका तें भांडें झांकून नेतांना आंत काय आहे तें पाहते: रंग, रक्त, आंव, जंत. डॉक्टरास तीच बातमी हवी असते. ज्यास लोक घाण म्हणतात तें तिच्या दृष्टीनें रोग्याचें पत्र असतें. सुइणीच्या वर्गांत मुलगी अगोदर जाणतीच्या मागें उभी राहून बाळंतपणें पाहते, मग तिच्या देखरेखीखालीं स्वतः करते. कात्री उकळते, नाळ निर्जंतुक दोऱ्यानें बांधते, वार पुरी पडली कीं नाहीं हें तपासते. विळा व राख यांनीं जें होत होतें तें उकळत्या पाण्यानें थांबतें, हें एकदां डोळ्यांनीं पाहिलेल्या मुलीस पुन्हां सांगावें लागत नाहीं.

आजच्या दिवसांतील एक गोष्ट येथेंच सांगून ठेवतों. बारावीनंतर दोन वर्षांचा ए. एन. एम. व तीन वर्षांचा जी. एन. एम. असे मान्य अभ्यासक्रम आहेत, व दोहोंतहि रुग्णालयांतील प्रत्यक्ष कामाचे तास ठरलेले आहेत. त्यांशिवाय थोड्या महिन्यांत नर्सिंग असिस्टंट करून देतों म्हणणारे वर्ग तालुक्यांच्या गांवांतूनहि निघतात. त्यांपैकीं कांहीं कामाचे असतील. पण वडूज, मायणी, विटें या बाजूच्या आईबापांनीं पैसे भरण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या. मुली कोणत्या रुग्णालयांत काम करतील, तेथें रोग्यांच्या खाटा किती आहेत, आणि खाटेपाशीं त्यांच्याजवळ उभें राहून शिकविणारी नोंदणी झालेली परिचारिका कोण? मान्यता आहे असें सांगितल्यास महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे तपास करावा. पुतळ्यावर सुई टोंचावयास शिकविणें ठीक आहे. पण पुतळा ओरडत नाहीं.

आतां एक गोष्ट न्यायासाठीं सांगणें अवश्य आहे. ससूनमध्यें सेवासदनाच्या बायका गेल्या तेव्हां वर्तमानपत्रांत तें नवल ठरलें. परंतु मिरजेस डॉ. वानलेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उघडलें, तेथें पुढें डॉक्टर व परिचारिका शिकविण्याची व्यवस्था केली, आणि आपल्या मंडळ्यांतील मुली त्या कामास लागल्या. त्यांचें नवल कोणास वाटलें नाहीं. त्यांतील पुष्कळजणी पूर्वीं अस्पृश्य मानलेल्या घरांतील होत्या. त्यांनीं मळ उचलिला तर तें त्यांचें जन्माचेंच काम, असें लोक म्हणाले. ब्राह्मणाच्या विधवेनें उचलिला तेव्हां त्यास त्याग म्हणूं लागले. खाट तीच, भांडें तेंच. सेवासदनाचा पसाराहि प्रथम बहुतांशीं वरच्या जातींतील स्त्रियांपुरताच राहिला. हें रमाबाईंच्या नांवास कमीपणा आणण्यासाठीं आम्ही लिहीत नाहीं. त्यांनीं आपल्या घरची गांठ सोडविली, व ती फार घट्ट होती. वरच्या घरांतील मुली त्या कामास लागल्यावर त्या कामाकडे पाहण्याची नजर थोडी बदलली, आणि तिचा लाभ आपल्या मुलींसहि झाला. परंतु आधीं कोण गेल्या होत्या याची आठवण ज्यांनीं ठेवावी त्यांनीं ती ठेविली नाहीं.

रमाबाईंचीं पुढलीं वर्षें फार धांवपळीचीं. त्यांच्या आठवणींचें पुस्तक १९१० सालीं निघालें. त्यांत बहुतेक सारें पतीविषयींच आहे, स्वतःच्या कामाविषयीं त्या मुक्याच आहेत. आळंदीच्या जत्रेंत त्या सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन जात, आणि गर्दींत आजारी पडणाऱ्या बायकांची व्यवस्था पाहत. घरांत शिकलेला प्रथमोपचार तेथें उपयोगीं पडे. १९१८ सालीं इन्फ्लुएन्झाची सांथ आली, तेव्हां घरटी माणूस पडलें आणि पाणी पाजावयासहि कोणी उरलें नाहीं, असें खेड्यापाड्यांतून झालें; हाताखालीं शिकलेल्या दोन बायका एखाद्या गांवांत असणें म्हणजे काय, हें त्या वर्षीं साऱ्या देशास कळलें. पुण्याच्या नगरपालिकेनें सक्तीचें शिक्षण फक्त मुलग्यांस द्यावें कीं मुलींसहि, या वादांत त्या मुलींच्या बाजूनें उभ्या राहिल्या. मुंबई इलाख्यांत स्त्रियांस मताचा हक्क मिळावा म्हणूनहि त्या झटल्या.

सेवासदनाच्या शाखा सोलापुरासारख्या इतर गांवींहि निघाल्या. १९२४ सालीं रमाबाई वारल्या. त्या वेळेपर्यंत सेवासदनांतून शिकून बाहेर पडलेल्या परिचारिका व सुइणी अनेक ठिकाणीं कामास लागल्या होत्या, आणि हिंदु विधवा नर्स होते ही गोष्ट पुण्यांत बातमी राहिली नव्हती. पुण्याचें सेवासदन आजहि चालू आहे. भारत सरकारनें १९६२ सालीं, त्यांच्या जन्मास शंभर वर्षें झालीं तेव्हां, त्यांच्या चित्राचें तिकीट काढिलें. ससून रुग्णालयांत परिचारिकांचें शिक्षण अजून दिलें जातें. तेथें येणाऱ्या मुलींत सातारा व सांगलीकडच्याहि असतात, आणि त्यांच्या जातीची चौकशी खाटेवरचा रोगी करीत नाहीं. त्याला पाणी हवें असतें.